मोठा टर्बोचार्जर आणि डिझेल ट्रकचे ट्यूनिंग मॉड्यूल

डिझेल इंजिनाची ताकद सिलिंडरमध्ये किती डिझेल सोडले यावर ठरते. मात्र ते जळायला हवा लागते. हिशेबाने एक किलो डिझेलला साडेचौदा किलोच्या आसपास हवा पुरते, पण सिलिंडरमध्ये दोन्ही नीट मिसळायला वेळच मिळत नाही. म्हणून काळा धूर टाळायचा तर १८ किलो किंवा त्याहून जास्त हवा द्यावी लागते. ही जादा हवा कोंबणारे यंत्र म्हणजे टर्बोचार्जर. एक्झॉस्ट, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणारा वायू, त्याचे एक चाक (टर्बाइन) फिरवतो आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चाक (कॉम्प्रेसर) हवा दाबून आत ढकलते; या जादा दाबाला बूस्ट म्हणतात. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांचे त्याचे पेटंट १९०५ सालचे. ट्यूनिंग मॉड्यूल ही कॉमन रेल इंजिनाच्या, म्हणजे एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरना मोठ्या दाबाचे डिझेल देणाऱ्या इंजिनाच्या, वायरिंगमध्ये जोडायची छोटी डबी असते. त्या नळीतला दाब मोजणाऱ्या रेल प्रेशर सेन्सरचा आकडा ती ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, कमी करून सांगते. दाब घटला असे समजून ईसीयू तो वाढवतो आणि इंजेक्टर तेवढ्याच वेळात जास्त डिझेल सोडतो. हवा टर्बोकडे, डिझेल मॉड्यूलकडे; आणि साध्या मॉड्यूलला हवेचा पत्ताच नसतो.

मूळ टर्बो काढून मोठा बसवला की पहिला फरक खालच्या आरपीएमला जाणवतो. घडण तीच ठेवून टर्बोच्या चाकाचा व्यास १० टक्क्यांनी वाढवला, तर त्याचे जडत्व व्यासाच्या पाचव्या घाताने, म्हणजे सुमारे ६१ टक्क्यांनी वाढते. शिवाय मोठे टर्बाइन फिरवायला एक्झॉस्टही जास्त लागतो. समजा, जुना टर्बो १३०० आरपीएमला भरत होता, म्हणजे पुरेसा बूस्ट देऊ लागत होता, आणि नवा १७०० ला भरतो. मधल्या ४०० आरपीएममध्ये मॉड्यूल पूर्वीइतकेच जादा डिझेल ओतत राहते, हवा मात्र आलेली नसते. मग पिकअप पडतो, धूर येतो आणि एक्झॉस्टचे तापमान चढते. बीएस-६ गाडीत हा धूर डोळ्यांना दिसत नाही. काजळी एक्झॉस्टमधल्या फिल्टरमध्ये साचते आणि फिल्टर लवकर तुंबतो.

वरच्या आरपीएमला चित्र उलटते. मोठा कॉम्प्रेसर तिथे हवा कमी तापवतो आणि टर्बाइनमागची कोंडीही घटते. त्यामुळे गेजवर बूस्ट तेवढाच दिसला तरी सिलिंडरमध्ये जाणारी हवा वजनाने जास्त असते. बूस्ट म्हणजे हवा नव्हे, ही गोष्ट इथे पक्की ध्यानात ठेवावी. जुन्या टर्बोच्या मापाने बसवलेले मॉड्यूल ही शिल्लक हवा वापरत नाही, आणि नुसत्या हवेने ताकद वाढत नाही. काही मॉड्यूल बूस्ट सेन्सरचा आकडाही कमी दाखवतात. मोठ्या टर्बोसोबत हे धोक्याचे, कारण जास्त बूस्ट झाल्यावर इंजिन सांभाळून घेणारी ईसीयूची राखणच त्यामुळे उठते.

गोव्यातल्या वाहतुकीला हा बदल सहसा मानवत नाही. डिचोली, सत्तरी, सांगे भागांतल्या खाणींवरून मांडवी-जुवारीच्या काठच्या जेटींपर्यंत खनिज नेणाऱ्या टिपरचे अंतर थोडे असते. रांग, गाव, वळण, पुन्हा पहिला-दुसरा गिअर असेच ते काम. तिथे लवकर भरणारा मूळ टर्बोच बरा. मोले सोडून अनमोड घाट चढणाऱ्या भरलेल्या ट्रकची गोष्ट थोडी वेगळी. सलग चढात मोठा टर्बो भरलेला राहू शकतो, पण प्रत्येक वळणाला आरपीएम पडून तो पुन्हा मोकळा होतो. त्यातच दर हजार मीटर उंचीला हवेचा दाब साधारण १० ते १२ टक्क्यांनी घटतो. तेवढाच बूस्ट द्यायला टर्बोला अधिक वेगाने फिरावे लागते.

मोठा टर्बो घालायचाच असेल तर डबीपेक्षा ईसीयूचे मॅपच, म्हणजे कधी किती डिझेल सोडायचे याचे तक्तेच, नव्याने लिहून घेणे योग्य, कारण त्यात आरपीएम आणि हवा पाहून डिझेलची मर्यादा आखता येते. गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चे बंधन आहे, याचा विचार खर्च करण्याआधीच व्हावा. मॉड्यूलच ठेवले तर ते शून्यावर आणावे, टर्बाइनच्या आधी तापमानाचा प्रोब बसवावा आणि एकेक पायरी वाढवत जावे. ही तपासणी भरलेल्या गाडीने, चढावरच करावी. रिकाम्या ट्रकने पणजीच्या सपाट हमरस्त्यावर केलेले ट्यूनिंग घाटात टिकत नाही, कारण सपाटीला इंजिनावर तेवढा भार आणि तेवढा वेळ कधी पडतच नाही.