ब्रिटनमधलं घर भाड्याने दिलंय? घरमालकांसाठी बॉयलर कव्हर: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

बॉयलर कव्हर, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या गॅस-बॉयलरच्या देखभाल-दुरुस्तीचा मासिक हप्त्याचा प्लॅन, घेतलं की आपली जबाबदारी संपली, असं ब्रिटनमध्ये घर भाड्याने देणारे बरेच मराठी घरमालक धरून चालतात. त्यातही स्लाऊ, हॅरो किंवा मिल्टन कीन्सला घर घेऊन पुढे पुण्या-ठाण्याला परतलेले जास्त. दरमहा डायरेक्ट डेबिट जातोय ना, मग झालं. प्रत्यक्षात बॉयलरच्या नावाखाली तीन वेगळी कामं येतात: गॅस सुरक्षा तपासणी, वार्षिक सर्व्हिसिंग आणि बिघाडाची दुरुस्ती. पहिलं कायद्याने सक्तीचं आहे, दुसरं उत्पादकाची वॉरंटी टिकवायला लागतं आणि तिसरं कधी अंगावर येईल याचा नेम नाही. आपल्या प्लॅनमध्ये यातलं नेमकं काय आहे, ते अर्ज भरण्याआधी बघायला हवं. नुसतं दुरुस्तीचं कव्हर घेऊन तपासणी चुकवली, तर हप्ते भरूनही आपण कायदा मोडलेला असतो.

कायदा काय मागतो

१९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार भाड्याच्या घरातली घरमालकाच्या मालकीची सगळी गॅस उपकरणं आणि त्यांचे फ्लू (जळलेला वायू बाहेर नेणाऱ्या नळ्या) दर १२ महिन्यांनी तपासून घ्यावे लागतात. फक्त बॉयलर नाही; मालकाने दिलेली गॅसची शेगडी आणि हॉलमधला गॅस फायरसुद्धा त्यात आले. भाडेकरूने स्वतः आणलेली शेगडी आपल्या यादीत येत नाही, पण तिच्यापर्यंत जाणारी पाइपलाइन आपलीच. तपासणी गॅस सेफ रजिस्टरवर (गॅस इंजिनिअरांच्या अधिकृत यादीत) नाव असलेल्या इंजिनिअरनेच करायची. त्याने दिलेलं गॅस सेफ्टी रेकॉर्ड (लोक अजून सीपी१२ म्हणतात) राहत्या भाडेकरूला २८ दिवसांत आणि नव्या भाडेकरूला राहायला येण्यापूर्वी द्यावं लागतं. प्रती किमान दोन वर्षं जपायच्या.

२०१८ पासून यात एक सोय झाली आहे. मुदत संपण्याआधीच्या दोन महिन्यांत कधीही तपासणी केली, तरी पुढच्या वर्षाची तारीख जुनीच धरता येते. म्हणजे नोव्हेंबरची तपासणी ऑक्टोबरमध्ये केली म्हणून एक महिना वाया जात नाही. परदेशात बसून भेटीची वेळ ठरवणाऱ्यांनी ही दोन महिन्यांची खिडकी पुरेपूर वापरावी. इंजिनिअर आला आणि भाडेकरू नेमका सुट्टीवर, हे हमखास होतं.

दुरुस्तीची जबाबदारी वेगळ्या कायद्यातून येते. इंग्लंडमध्ये १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट कायद्याच्या कलम ११ नुसार, सात वर्षांपेक्षा कमी मुदतीच्या भाडेकरारात घर गरम ठेवण्याची आणि पाणी तापवण्याची यंत्रणा चालू स्थितीत ठेवणं घरमालकावर आहे. करारात ‘दुरुस्ती भाडेकरूने करावी’ असं लिहून ही जबाबदारी झटकता येत नाही. स्कॉटलंड आणि वेल्सचे भाडेकायदे वेगळे असले, तरी वार्षिक गॅस तपासणी तिथेही चुकत नाही.

कव्हर म्हणजे विमा की सेवा?

बऱ्याचदा दोन्ही. बिघाडाची दुरुस्ती हा बहुतेक ठिकाणी विमा असतो, कारण बिघाड होईल की नाही हे ठाऊक नसतं. वार्षिक सर्व्हिसिंग आणि गॅस तपासणी ठरलेली कामं असल्याने ती सेवा-करारात बसतात. म्हणून कागदपत्रांत कधी कधी दोन करार दिसतात. विम्याच्या भागावर इन्शुरन्स प्रीमियम टॅक्स लागतो, सेवेच्या भागावर व्हॅट. हा फरक तक्रार करायची वेळ आली की महत्त्वाचा ठरतो. काही छोट्या कंपन्या दुरुस्तीसुद्धा सेवा-करार म्हणूनच विकतात. तशा करारात विमा-ग्राहकाचं संरक्षण मिळेलच असं नाही. करार कोणाशी आहे आणि विमा कंपनीचं नाव त्यात आहे का, ही ओळ शोधून वाचा.

ब्रिटिश गॅस आणि होमसर्व्हसारख्या मोठ्या कंपन्या घरमालकांसाठी वेगळे प्लॅन देतात. स्वतः राहणाऱ्यांसाठीचा प्लॅन स्वस्त दिसला म्हणून भाड्याच्या घरासाठी तो घेऊ नका. घर भाड्याने दिल्याचं लपवलेलं दाव्याच्या वेळी उघड होतं, आणि तेव्हा नकार मिळाला तर बोलायला तोंड राहत नाही.

पात्रता

आधी घरात बॉयलर आहे का, ते बघा. प्रश्न विचित्र वाटेल, पण लंडनच्या नव्या टोलेजंग इमारतींतल्या कित्येक फ्लॅटमध्ये बॉयलर नसतोच. तळघरात सामाईक यंत्रणा असते आणि फ्लॅटच्या कपाटात बॉयलरसारखा दिसणारा पांढरा डबा असतो, तो हीट इंटरफेस युनिट, म्हणजे सामाईक यंत्रणेची उष्णता फ्लॅटमध्ये घेणारं उपकरण. त्यात गॅस जळत नाही. फ्लॅटमध्ये गॅसचं दुसरं काही नसेल, तर गॅस सेफ्टी रेकॉर्डची गरज नाही आणि बॉयलर कव्हरही लागू होत नाही. युनिटची देखभाल फ्लॅटमालकाकडे की इमारतीच्या व्यवस्थापनाकडे, ते लीजमध्ये लिहिलेलं असतं. या युनिटसाठी कव्हर हवं असेल, तर कंपनी ते देते का हे वेगळं विचारावं लागतं.

बॉयलर असेल तर तो घरगुती क्षमतेचा हवा. अनेक करारांत ७० किलोवॅटची मर्यादा असते. नेहमीच्या घरातला कॉम्बी बॉयलर (घर आणि नळाचं पाणी दोन्ही तापवणारा) याच्या बराच खाली असतो, त्यामुळे तिथे अडत नाही. अडतं ते वयावर. जुन्या बॉयलरची दुरुस्ती बऱ्याच कंपन्या करतात, पण तो दुरुस्तीपलीकडे गेला तर नवा बसवून देण्याची हमी साधारण पहिल्या काही वर्षांपुरतीच असते. सात वर्षांची अट पुष्कळ ठिकाणी दिसेल. पंधरा वर्षांच्या बॉयलरसाठी महागडा प्लॅन घेताना म्हणूनच हिशेब करावा. भाग मिळेनासे झाले की कंपनी हात वर करते, आणि करारानुसार तिचं चुकतही नाही. अशा वेळी प्लॅनचे पैसे बाजूला ठेवून नवा बॉयलर बसवणं मला शहाणपणाचं वाटतं; नव्यासोबत उत्पादकाची अनेक वर्षांची वॉरंटी येते आणि वार्षिक सर्व्हिसिंग केलं की ती टिकते.

अर्जाच्या दिवशी बॉयलर चालू स्थितीत हवा. आधीचा बिघाड कव्हरमध्ये येत नाही. खोल्या वेगवेगळ्या लोकांना भाड्याने दिल्या असतील, म्हणजे एचएमओ असेल, तर ते अर्जात स्पष्ट सांगा. काही कंपन्या अशी घरं घेत नाहीत. घरमालक भारतात राहतो म्हणून सहसा अडत नाही. घर ब्रिटनमध्ये हवं आणि हप्त्यासाठी बहुतेक ठिकाणी ब्रिटिश बँक खातं लागतं. परतताना तिथलं खातं घाईने बंद करू नका, ते याचसाठी.

कागदपत्रं आणि माहिती

अर्ज बहुतेक ऑनलाइन किंवा फोनवर होतो आणि त्या वेळी कागद अपलोड करायला क्वचितच सांगतात. पासपोर्ट, व्हिसा किंवा पगाराचा दाखला साधारणपणे लागत नाही. माहिती तोंडी घेतात. कागद मागतात दाव्याच्या वेळी. म्हणून हे आधीच एका फोल्डरमध्ये असू द्या:

- घराचा पत्ता पोस्टकोडसह, आणि स्वतःचा पत्रव्यवहाराचा पत्ता
- बॉयलरची कंपनी, मॉडेल, बसवल्याचं वर्ष आणि जीसी नंबर (बॉयलरचं मॉडेल ओळखण्याचा क्रमांक)
- शेवटचं गॅस सेफ्टी रेकॉर्ड आणि सर्व्हिसिंगच्या नोंदी (बसवताना मिळालेली बेंचमार्क पुस्तिका असेल तर ती)
- बॉयलर बसवल्यावर आलेलं बिल्डिंग रेग्युलेशन्सचं प्रमाणपत्र आणि वॉरंटीची नोंद
- भाडेकरूचा किंवा एजंटचा फोन. तो कंपनीला द्यायला त्यांची संमती घेऊन
- बँकेचा सॉर्ट कोड आणि खाते क्रमांक

जीसी नंबर कुठे सापडतो, हे भाडेकरूला सांगावं लागतं. बहुतेक बॉयलरच्या खालच्या बाजूला एक झाकण पुढे उघडतं. त्याच्या आतल्या बाजूला किंवा मागच्या पट्टीवर मॉडेलचं स्टिकर असतं, त्यावर ४७-३११-१९ अशा धाटणीचे दोन डॅश असलेले आकडे दिसतात. तिथेच यंत्रणेतल्या पाण्याच्या दाबाचं घड्याळही असतं. दोन्हींचा एक फोटो मागवा. यंत्रणा थंड असताना काटा १ ते १.५ बारच्या दरम्यान असेल तर उत्तम. शून्याकडे झुकलेला असेल तर अर्जाआधी त्याचं कारण शोधा.

अर्ज कसा भरायचा

‘लँडलॉर्ड’ हा पर्याय निवडून प्लॅन ठरवा: नुसता बॉयलर, बॉयलर आणि रेडिएटर-पाइप, की त्यात प्लंबिंग आणि विजेची कामंही. मग गॅस सेफ्टी रेकॉर्ड प्लॅनमध्ये धरलंय का, ते बघा. बऱ्याच ठिकाणी ते जादा पैशांनी जोडावं लागतं आणि त्याचा चौकोन रिकामा राहतो. धरलेलं असलं तरी त्यात किती उपकरणं तपासणार, हेही वाचा. बॉयलर तपासला आणि शेगडी राहिली, तर ते रेकॉर्ड अपुरं.

पुढे एक्सेस ठरवायचा, म्हणजे दर दुरुस्तीला आपल्या खिशातून जाणारी ठरलेली रक्कम. एक्सेस वाढवला की हप्ता उतरतो. नव्या, चांगल्या बॉयलरला जास्त एक्सेस परवडतो. दरवर्षी कुरकुरणाऱ्याला नाही.

फॉर्ममध्ये ‘संपर्काची व्यक्ती’ असा रकाना असला तर तो रिकामा सोडू नका. हिवाळ्यात भारताचं घड्याळ साडेपाच तास पुढे असतं. लंडनला रात्री नऊ वाजता बॉयलर बंद पडला, तर पुण्यात अडीच वाजलेले असतात. भाडेकरूला स्वतः फोन करून इंजिनिअर बोलावता येईल, अशी नोंद अर्जातच करून घ्या आणि प्लॅनचा क्रमांक त्याला लेखी द्या.

अर्ज मंजूर झाल्यावर बऱ्याच करारांत पहिले १४ ते ३० दिवस दुरुस्ती मागता येत नाही. काही कंपन्या आधी इंजिनिअर पाठवून बॉयलर बघतात. त्याला तो धड वाटला नाही, तर दुरुस्ती करून घ्यायला सांगतात किंवा कव्हर रद्द करून पैसे परत देतात. आपल्यालाही विचार बदलायला साधारण १४ दिवस मिळतात.

कशाला पैसे मिळत नाहीत

सगळ्यात जास्त वाद गाळावरून होतात. जुन्या रेडिएटरमध्ये गंजाचा काळा चिखल साचतो, पंप आणि हीट एक्स्चेंजर त्याने चोंदतात. इंजिनिअर एकदा येऊन दुरुस्ती करतो आणि ‘पॉवरफ्लश करून घ्या’, म्हणजे यंत्राने पाइप-रेडिएटर आतून धुऊन घ्या, असं लिहून जातो. तो शेरा दुर्लक्षित केला की त्याच कारणाने झालेला पुढचा बिघाड आपल्या माथी. पॉवरफ्लशचा खर्च बहुतेक प्लॅनमध्ये धरलेला नसतो.

दुसरं, रिकामं घर. दोन भाडेकरूंच्या मधल्या काळात घर ३० किंवा ६० दिवसांहून जास्त बंद राहिलं, तर अनेक करारांत कव्हर थांबतं. गोठून फुटलेले पाइप नेमके अशाच घरात सापडतात.

तिसरं, बिघाड नसताना बोलावणं. कडाक्याच्या थंडीत बाहेर निघणारा कंडेन्सेट पाइप (बॉयलरमध्ये साचणारं पाणी बाहेर सोडणारा) गोठतो, बॉयलर गुळगुळ आवाज करून बंद पडतो. त्या पाइपवर कोमट पाणी ओतलं (उकळतं नाही) आणि बॉयलर रीसेट केला, की पुष्कळदा तो चालू होतो. पाण्याचा दाब कमी होण्याचंही तसंच, तेही पुष्कळदा इंजिनिअरशिवाय सुटतं. भाडेकरूला या दोन गोष्टी आधीच समजावून ठेवा. गॅसचा वास आला तर मात्र कव्हर कंपनी नंतर. आधी ०८०० १११ ९९९ हा राष्ट्रीय आणीबाणी क्रमांक.

इंजिनिअर आला तर भाडेकरूने त्याचं गॅस सेफ ओळखपत्र मागावं. मागच्या बाजूला तो कोणत्या प्रकारच्या कामांना पात्र आहे, ते छापलेलं असतं. भाडेकरू दार उघडत नसेल, तर जबरदस्तीने आत जाता येत नाही. प्रत्येक प्रयत्नाची पत्रं, ईमेल आणि इंजिनिअरच्या नोंदी जपा. तपासणीची मुदत उलटली, तर आपण शक्य ते सगळं केलं होतं, हे त्यांवरूनच दाखवता येतं.

तक्रार आणि कर

दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. आठ आठवड्यांत निकाल लागला नाही किंवा अंतिम उत्तर पटलं नाही, तर विम्याच्या भागासाठी फायनान्शियल ऑम्बड्समन सर्व्हिस या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे जाता येतं. अंतिम उत्तरानंतर त्याला सहा महिन्यांची मुदत असते. वर्षाच्या मध्येच प्लॅन बंद करताना सांभाळा: दुरुस्ती किंवा सर्व्हिसिंग आधी झालेलं असेल, तर उरलेले हप्ते मागितले जाऊ शकतात.

कव्हरचा खर्च ब्रिटनमध्ये भाड्याच्या उत्पन्नातून वजा होतो. परदेशात राहणाऱ्या घरमालकाच्या भाड्यातून एजंटला २० टक्के कर कापावा लागतो, कर न कापता भाडं मिळावं म्हणून एनआरएल१ अर्ज करून एचएमआरसीची (ब्रिटनच्या कर खात्याची) परवानगी घेतली नसेल तर. त्या कपातीत एजंट फक्त स्वतः भरलेले खर्च धरतो. कव्हरचा डायरेक्ट डेबिट तुमच्या खात्यातून जात असेल, तर ती वजावट तुम्हाला रिटर्नमध्येच घ्यावी लागेल. करासाठी भारतात ‘ऑर्डिनरिली रेसिडेंट’ (सामान्य निवासी) ठरलेल्यांना हेच भाडं इथेही दाखवावं लागतं आणि तिथे भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं. घरभाड्यावर इथे ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते, त्यामुळे बॉयलर कव्हरचा हप्ता भारतातल्या रिटर्नमध्ये वेगळा वजा करता येत नाही.