मांजर आणि स्किझोफ्रेनिया : संशय आला कुठून?

१९९५ साली ‘स्किझोफ्रेनिया बुलेटिन’ या नियतकालिकात ई. फुलर टॉरी आणि रॉबर्ट योल्केन या अमेरिकी संशोधकांचा एक लेख आला. घरातल्या कुणाला तरी स्किझोफ्रेनिया किंवा तत्सम गंभीर मानसिक आजार आहे अशा १६५ कुटुंबांना त्यांनी एक साधा प्रश्न विचारला होता : ही व्यक्ती लहान असताना घरात मांजर होते का? ५१ टक्के कुटुंबे ‘हो’ म्हणाली. तुलनेसाठी निवडलेल्या कुटुंबांत हे प्रमाण ३८ टक्के भरले. मांजर पाळल्याने मानसिक आजाराचा धोका वाढतो का, ही आजची सगळी चर्चा या दोन आकड्यांपासून सुरू होते. गंमत म्हणजे तेव्हा संशय विषाणूवर होता. टोक्सोप्लाझ्मा गोंडी या एकपेशीय परजीवीवर सगळ्यांची नजर स्थिरावली ती नंतर.

हा परजीवी सापडला तेव्हा मांजर चित्रातही नव्हते. १९०८ साली ट्युनिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये शार्ल निकोल आणि लुई मांसो यांना तो गुंडी नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात दिसला. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये अल्फोन्सो स्प्लेंडोरे यांना तो सशात आढळला. ग्रीकमध्ये ‘टॉक्सॉन’ म्हणजे धनुष्य, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ही पेशी धनुकलीसारखी वाकलेली दिसते. ‘गोंडी’ हे ‘गुंडी’चेच रूप; आपल्याकडच्या गोंड समाजाशी किंवा गोंडी भाषेशी त्याचा काही संबंध नाही. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी आईकडून पोटातल्या बाळाला होणारा हा संसर्ग सिद्ध केला. १९४८ मध्ये आल्बर्ट सेबिन (पोलिओच्या तोंडावाटे द्यायच्या लसीमुळे पुढे जगभर नाव झालेले) आणि हॅरी फेल्डमन यांनी रक्तातली प्रतिपिंडे ओळखण्याची चाचणी काढली. मग निरनिराळ्या देशांत रक्त तपासले जाऊ लागले आणि संसर्ग झालेली माणसे अफाट संख्येने आहेत हे कळले. बहुतेकांना आपल्याला कधी काही झाले होते याचा पत्ताही नव्हता.

पण संसर्ग येतो कुठून? १९६५ मध्ये पॅरिसजवळच्या एका आरोग्यधामातल्या मुलांवरील निरीक्षणे प्रसिद्ध झाली. तिथे वर्षाला साधारण १० टक्के मुलांना नव्याने संसर्ग होई. जेवणात अर्धकच्चे गोमांस किंवा घोड्याचे मांस वाढवल्यावर हे प्रमाण ५० टक्क्यांवर गेले आणि अर्धकच्चे मेंढीचे मांस दिल्यावर १०० टक्क्यांवर. मांसाचा रस्ता पक्का झाला, तरी कोडे उरलेच, कारण १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतल्या रक्ततपासणीत शाकाहारी आणि मांसाहारी लोकांतले प्रमाण जवळपास सारखेच निघाले होते. मांसाला न शिवणाऱ्या माणसाच्या अंगात हा जंतू शिरला कसा?

उत्तर ग्लासगोतून आले. विल्यम हचिसन यांनी संसर्ग झालेल्या मांजराची विष्ठा नळाच्या पाण्यात वर्षभर ठेवून दिली आणि मग ती उंदरांना खाऊ घातली. उंदरांना संसर्ग झाला. मांजराच्या पोटातल्या जंताच्या अंड्यात बसून हा परजीवी बाहेर पडत असावा, असा त्यांचा अंदाज होता. तो चुकला. पोटात जंत नसलेल्या मांजरांच्या विष्ठेतूनही संसर्ग होतच राहिला. १९७० पर्यंत कोडे सुटले होते. त्यात कॅन्सस विद्यापीठातले जे. के. फ्रेंकेल आणि त्यांचे सहकारी, मूळचे भारतीय पशुवैद्यक जे. पी. दुबे यांचा मोठा वाटा आहे. मांजराच्या आतड्यात या परजीवीची लैंगिक पिढी वाढते आणि त्यातून टणक कवचाच्या, मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढ्या ‘ऊसिस्ट’ तयार होऊन विष्ठेतून बाहेर पडतात. हे फक्त मार्जारकुळातच घडते, मग ते घरातले मांजर असो वा जंगलातला बिबट्या. प्रशांत महासागरातल्या काही बेटांवरही हेच दिसले : मांजरे नसलेल्या बेटांवर संसर्ग जवळजवळ नव्हता.

इथे एक तपशील नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढचा सगळा गोंधळ तो नजरेतून निसटल्यामुळे होतो. मांजर आयुष्यभर ऊसिस्ट सोडत नाही. पहिल्यांदा संसर्ग झाला की एक ते तीन आठवडे ती कोट्यवधींच्या संख्येने पडतात, मग थांबतात. बहुतेक मांजरांत ते पुन्हा होत नाही. ताज्या विष्ठेतली ऊसिस्ट लगेच संसर्गही करत नाही. हवा आणि ओल मिळाल्यावर ती पिकायला एक ते पाच दिवस लागतात. पिकली की मात्र ओल्या मातीत वर्षभराहून जास्त टिकते आणि पाण्यातल्या क्लोरीनलाही दाद देत नाही. म्हणजे शिकार न करणाऱ्या, घरातच राहणाऱ्या आणि शिजवलेले किंवा पाकिटातले अन्न खाणाऱ्या मांजराला मांडीवर घेऊन बसणाऱ्यापेक्षा, भटकी मांजरे घाण करतात त्या वाळूच्या ढिगावर खेळून तसेच हात तोंडात घालणाऱ्या मुलाला संसर्गाचा धोका जास्त. त्या मुलाच्या घरी मांजर असेलच असे नाही.

टॉरी आणि योल्केन यांनी मात्र विचारले होते ते घरातल्या मांजराबद्दल. त्यांच्या पुढच्या, २००० सालच्या पाहणीतही फरक दिसला : ५२ विरुद्ध ४२ टक्के. दोन्ही पाहण्यांत माहिती आठवणीवर बेतलेली होती. मूल आजारी पडले की आईवडील त्याच्या बालपणाचा कोपरा न् कोपरा धुंडाळतात. ज्यांच्या घरी सगळे ठीक आहे ते इतके आठवत बसत नाहीत. एवढ्यानेही आकडा हलतो. दुसरी गफलत आकडे वाचण्यातली. ५१ ला ४९ ने भागा, ३८ ला ६२ ने भागा आणि पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागा : १.७ येते. यालाच ‘शक्यतांचे गुणोत्तर’ म्हणतात. बातमीत त्याचे ‘धोका ७० टक्के वाढतो’ असे होते. स्किझोफ्रेनिया आयुष्यात शंभरात एकाला, किंबहुना त्याहून थोड्या कमी लोकांना होतो. हे गुणोत्तर पूर्ण खरे मानले, तरी शंभरातल्या अठ्ठ्याण्णवांना तो आजार होत नाही, हे बातमीत कुठेच येत नाही.

दरम्यान परजीवीची बाजू वेगळ्या वाटेने भक्कम होत होती. २००० मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी दाखवले की संसर्ग झालेल्या उंदरांना मांजराच्या मुताच्या वासाची भीती उरत नाही. प्रागच्या यारोस्लाव फ्लेगर यांनी संसर्ग झालेल्या माणसांच्या स्वभावावर आणि रस्ते अपघातांवर लिहिले. परजीवीच्या जनुकांत डोपामिन या मेंदूतल्या रसायनाच्या घडणीशी जोडलेले एन्झाइम सापडल्यावर तर धागा जुळल्यासारखाच वाटला, कारण स्किझोफ्रेनियावरची बहुतेक औषधे डोपामिनवरच काम करतात. पण ही जनुके काढून टाकलेल्या परजीवीनेही उंदरांची भीती घालवली. २०२० मध्ये जिनिव्हातल्या प्रयोगांत दिसले की ही बेफिकिरी फक्त मांजरापुरती नसते आणि ती मेंदूतल्या दाहाच्या प्रमाणात वाढते. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना टोक्सोप्लाझ्माविरोधी औषधे देऊन पाहिली, तरी लक्षणांत ठोस सुधारणा दिसली नाही. अर्थात मेंदूत दडलेल्या परजीवीच्या गाठी पूर्ण नष्ट करणारे औषध आजही नाही, त्यामुळे या प्रयोगांवरून निकाल लावणे घाईचे होईल. रक्ततपासणीचे पुरावे मात्र सहज झटकता येण्यासारखे नाहीत. ३८ अभ्यासांच्या २०१२ मधील एकत्रित विश्लेषणात गुणोत्तर २.७ च्या आसपास आले. डेन्मार्कच्या ऐंशी हजारांहून अधिक लोकांच्या २०१९ मधील अभ्यासात ते सुमारे दीड भरले.

मांजर पाळण्याच्या प्रश्नाला सर्वांत नेटका धक्का २०१७ मध्ये बसला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या गटाने इंग्लंडमध्ये १९९१–९२ साली जन्मलेल्या हजारो मुलांची माहिती तपासली. आई गरोदर असताना आणि मूल लहान असताना घरी मांजर होते का, हे त्या त्या वेळीच नोंदवलेले होते. आठवणीचा प्रश्नच नव्हता. तेराव्या वर्षीच्या भास-भ्रमांशी, म्हणजे स्किझोफ्रेनियातही दिसणाऱ्या लक्षणांशी, आधी थोडा संबंध दिसला. घरातली दाटी, वारंवार बदललेली घरे, आर्थिक स्थिती हे सगळे हिशेबात घेतल्यावर तो विरला. याआधीच्या अनेक अभ्यासांत हा हिशेब पुरेसा झालेला नव्हता. मग २०२३ च्या शेवटी ऑस्ट्रेलियातल्या जॉन मॅकग्रा यांच्या गटाने ११ देशांतले १७ अभ्यास एकत्र केले आणि गुणोत्तर पुन्हा २.२४ आले. मथळे परत झळकले. या १७ पैकी १५ अभ्यास रुग्ण आणि निरोगी अशी मागे वळून केलेली तुलना होती, म्हणजे १९९५ च्याच पद्धतीचे, आणि त्यांचा दर्जाही कमीजास्त होता. हे त्याच लेखात नोंदवले आहे. चांगल्या प्रतीचे आणखी अभ्यास हवेत, असे लेखकांनीच लिहिले आहे.

आमचे मत असे की संसर्ग आणि मानसिक आजार यांचा संबंध खुला आणि गंभीरपणे तपासण्याजोगा प्रश्न आहे, तर ‘घरात मांजर असणे’ ही त्या संसर्गाची फार ढोबळ खूण आहे. घरात कुणी गरोदर राहिले की मांजर गोणीत घालून लांब सोडून येण्याचे प्रकार होतात. त्यातून त्या जिवाचे हाल होतात आणि संसर्गाचे खरे रस्ते तसेच उघडे राहतात. कोइंबतूरमध्ये २००४–०५ मध्ये डोळ्यांच्या टोक्सोप्लाझ्मोसिसचे (या परजीवीमुळे होणाऱ्या आजाराचे) २४८ रुग्ण आढळले, तेव्हा संशय शहराच्या पाणीपुरवठ्यावर होता.

कुकरात नीट शिजलेल्या मटणात हा परजीवी जगत नाही. धोका असतो तो आतून लाल राहिलेल्या कबाबात आणि कच्च्या खिम्याचे मीठ चाखून पाहण्यात. खिमा आतपर्यंत ७१ अंश सेल्सियसला पोचायला हवा. कोथिंबीर-मेथीची माती वाहत्या पाण्याखाली चोळून काढावी, कुंड्यांत काम करताना हातमोजे घालावेत. मांजराचा वाळूचा ट्रे रोज साफ करावा, म्हणजे ऊसिस्ट पिकायच्या आतच बाहेर जाते; दोन-तीन दिवसांनी करू म्हटले की हा फायदा गेला. ट्रे उकळत्या पाण्याने धुवावा, नुसत्या फिनाइलने भागत नाही. गरोदर बाईने हे काम दुसऱ्या कुणाला द्यावे. तिच्या रक्तात आयजीजी प्रतिपिंडे (संसर्ग होऊन गेल्यावर टिकून राहणारी) गरोदरपणाआधीपासूनच असतील, तर बाळाला संसर्ग होण्याची शक्यता अगदी कमी असते. आयजीएम (संसर्गाच्या सुरुवातीला तयार होणारे प्रतिपिंड) आढळले, तर ते कित्येक महिने जुन्या संसर्गाचेही असू शकते, म्हणून तेवढ्यावरून घाबरून निर्णय न घेता संसर्ग किती जुना आहे हे सांगणारी अ‍ॅव्हिडिटी चाचणी करून घ्यावी.