लोचच्या टाकीतली उतरंड

क्लाऊन लोच या गोड्या पाण्यातल्या शोभेच्या माशाच्या डोळ्याखाली एक काटा असतो. एरवी तो कातडीच्या खाचेत दडलेला असतो, पण मासा बिथरला की ताठ बाहेर येतो. जाळीत अडकला तर सोडवताना माशाचे फार हाल होतात. बटाव्हियात (आजच्या जकार्तात) डच लष्कराचा डॉक्टर असलेल्या पीटर ब्लेकरने १८५२ साली या माशाचे वर्णन केले, तेव्हा जातीचे नाव ठेवले मॅक्राकँथस, म्हणजे मोठ्या काट्याचा. माशाचे हत्यार त्याच्या नावातच आले. त्याचे वागणे मात्र माणसाला फार उशिरा कळले.

उशीर व्हायचे कारण बाजारात आहे. सुमात्रा आणि बोर्निओच्या नद्यांतून पकडलेली पिल्ले दुकानात येतात ती बोटाएवढी. नारिंगी अंग, त्यावर तीन काळे पट्टे. पाहणारा भुलतो आणि एखाददुसरा घेऊन जातो. हाच मासा पुढे फूटभर होतो. शिवाय तो थव्याने राहणारा. दोनच ठेवले तर थोरल्याचा सगळा जोर एकाच धाकट्यावर निघतो. धाकटा खाणे सोडतो, फिल्टरमागे लपतो, आणि पाळणारा म्हणतो, जातच भांडखोर.

१९२०च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेच्या थोरलेफ श्येल्डेरप-एबे याने कोंबड्यांचे निरीक्षण करून दाखवले होते, की कोण कुणाला टोचणार हे ठरलेले असते. लोचमध्येही अशीच उतरंड दिसते, फक्त ती पाहायला घोळका हवा. पाच-सहा जण एकत्र वाढले की एक म्होरक्या ठरतो, पुष्कळदा सगळ्यांत मोठी मादी. वरचढ कोण हे ठरवताना दोघे अंगाला अंग घासत गोल फिरतात, कट्कट् आवाज काढतात आणि त्यांचे काळे पट्टे फिके पडून अंग राखाडी होते. नवख्याला वाटते मासा आजारी पडला; तो औषध ओततो. वाद मिटला की रंग परततो. लहान लोच मोठ्याच्या कुशीला लागून त्याची प्रत्येक हालचाल गिरवत पोहतो, तेही याच व्यवस्थेतले. मला हे दृश्य सगळ्यांत लोभस वाटते.

सगळ्या लोचना एकच माप लावणे मात्र चूक. पाठीवर एकच काळी रेघ असलेला स्कंक लोच आकाराने लहान, पण लांब पंखांच्या संथ माशांचे पंख कुरतडतो. मत्स्यशास्त्रज्ञ मोरीस कोटला याने २००४ साली क्लाऊन लोचसाठी क्रोमोबोटिया ही स्वतंत्र प्रजाती, म्हणजे जातींच्या वरचा गट, केली. स्कंक लोच यासुहिकोताकिया या वेगळ्याच प्रजातीत मोडतो. दुकानात मात्र अजूनही दोघांना सरसकट बोटिया, या तिसऱ्याच प्रजातीच्या नावाने, ओळखतात.

खरा बोटिया आपल्याकडचा आहे. मत्स्य-अभ्यासक नारायण राव यांनी १९२० साली वर्णन केलेला झेब्रा लोच, बोटिया स्ट्रायाटा, सह्याद्रीतल्या कृष्णेच्या खोऱ्यातला. १९५६ साली कोल्हापूरच्या माशांच्या नोंदीत त्याचा एक प्रकार कोल्हापुरेन्सिस या नावाने आला. स्वभावाने हा बराच मवाळ, पण घोळका यालाही हवाच. आज तो संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. नद्यांची दुर्दशा हे एक कारण, शोभेच्या माशांसाठी होणारी पकड हे दुसरे. एकटा ठेवायला एक झेब्रा लोच विकत घेणे म्हणजे आपल्याच नदीतल्या थव्यातून एक मासा उचलणे, आणि टाकीत त्याला तो थवा न देणे.