दोरी तेवढीच, मग वावर कमी कसं भरलं?

सातवी-आठवीच्या पोरांना एक गणित देऊन बघा. २४ मीटर दोरी आहे, तिनं जमिनीवर आयत आखायचा आणि आत वांगी-मिरची लावायची, तर जागा किती मिळेल? पहिलं उत्तर बहुतेक वेळा एकच येतं, दोरी ठरली म्हणजे जागाही ठरली. आता सहा बाय सहाचा चौरस केला तर ३६ चौरस मीटर मिळतात, आठ बाय चार केलं तर ३२, दहा बाय दोन केलं तर २०, आणि अकरा बाय एक अशी लांबलचक पट्टी काढली तर फक्त ११. दोरी तीच, कुठं एक इंच कापली नाही की जोडली नाही, तरी जागा ३६ वरून ११ वर आली.

झेडपीच्या शाळेच्या ओट्यावर संध्याकाळी पोरं गृहपाठ करत बसतात तिथं हे गणित आलं की वाद ठरलेला.

"अबे, दोघायची परिमिती चोवीसच हाय ना, मंग क्षेत्रफळ वेगळं काहून येईन?"

"तू सूत्र चुकला असशीन, दाखव बरं तुही वही."

आणि मग ज्याचं उत्तर खरं तर बरोबर आहे तोच बिचारा खोडरबर शोधतो, कारण समोरच्याचं बोलणं ऐकायला जास्त पटतं. हा घोळ काही गावाकडच्या पोरांचा नाही, झेडपीच्या शाळेचा नाही, की गणित कच्चं असल्याचाही नाही, तो माणसाच्या डोक्याचाच आहे आणि यावर बऱ्यापैकी संशोधन झालेलं आहे.

ज्याँ पियाजे नावाचा स्विस मानसशास्त्रज्ञ होता, मुलं विचार कसा करतात हे शोधण्यात त्यानं आयुष्य घातलं. त्याचं आणि त्याच्या सहकाऱ्यांचं मुलांच्या भूमितीवरचं पुस्तक १९४८ साली आलं, त्यातला एक प्रयोग तर आपल्याकडच्या शिवारातूनच उचलल्यासारखा वाटतो. दोन सारखेच हिरवे कागद, म्हणजे कुरणं, दोन्हीवर एक-एक लाकडी गाय. मग दोन्हीवर सारख्याच आकाराची, सारखीच घरं ठेवत जायची, फक्त एका कुरणात ती एकाला एक चिकटून आणि दुसऱ्यात इकडं तिकडं विखरून. प्रश्न एवढाच की दोन्ही गायींना चरायला गवत सारखंच उरलं का? एक-दोन घरं असेपर्यंत लहान मुलं हो म्हणतात, पण घरं वाढत गेली की विखुरलेल्या घरांच्या कुरणात गवत कमी उरलं असं त्यांना वाटायला लागतं. जागा तेवढीच व्यापली आहे पण दिसते जास्त, आणि दिसतं तेच खरं धरायचं अशी ती अवस्था असते.

मोठं झाल्यावर हे सुटतं असं आपल्याला वाटतं, पण पूर्ण सुटत नाही. रूथ स्टेव्ही आणि डिना तिरोश या इस्रायलच्या दोन संशोधक, त्यांनी दाखवलं की 'एक गोष्ट जास्त म्हणजे दुसरीही जास्त' असा एक आपोआप चालणारा नियम माणसाच्या डोक्यात बसलेला असतो. पुढं २००६ मध्ये स्टेव्ही आणि सहकाऱ्यांनी मोठ्या माणसांनाच एफएमआरआय मशीनमध्ये, म्हणजे मेंदूचा कोणता भाग कामाला लागलाय हे दाखवणाऱ्या मशीनमध्ये झोपवलं, दोन-दोन आकृत्या दाखवल्या आणि विचारलं की परिमिती कोणाची जास्त. जिथं मोठ्या आकृतीची परिमितीही मोठी होती तिथं काही अडचण नाही, पण जिथं क्षेत्रफळ कमी होऊनही परिमिती तेवढीच राहिली किंवा वाढली, तिथं लोकांना वेळ जास्त लागला, चुकाही जास्त झाल्या, आणि बरोबर उत्तर देताना मेंदूचा कपाळामागचा भाग जास्त कामाला लागलेला दिसला, हाच भाग पहिल्या झटक्यात सुचलेल्या उत्तराला आवर घालतो. विचारली परिमिती असते पण नजर आधी क्षेत्रफळच मोजून मोकळी होते, आणि तिला मागं खेचायला जोर लागतो.

हे स्वतः करून बघायचं असेल तर कागदावर आयत काढा आणि त्याचा एक कोपरा चौकोनी कापून टाका. क्षेत्रफळ कमी झालं हे दिसतंच आहे. परिमिती? ती जशीच्या तशी राहते. कापताना दोन बाजूंचे तुकडे गेले पण आतल्या बाजूनं अगदी तेवढ्याच लांबीचे दोन नवे तुकडे तयार झाले. आता कागदाच्या जागी वावर धरा आणि कोपऱ्यात ३० बाय ३० मीटरचं शेततळं खोदा, सरकारी योजनेत हा आकार नेहमीचाच. ९०० चौरस मीटर म्हणजे जवळपास ९ गुंठे कापसातून गेले, पण उरलेल्या पिकाची कड मोजली तर एक फूटही कमी नाही. तेच शेततळं वावराच्या मधोमध घेतलं तर गेले तेवढेच ९ गुंठे, पण आतून १२० मीटरची नवीन कड तयार झाली आणि आता दर वेळी डवरणी, म्हणजे पिकाच्या ओळींमधली मशागत, करताना तिला वळसा घाला. शेततळं कोपऱ्यात काढतात त्याला उतार, पाण्याची वाट अशी कारणं असतातच पण भूमितीचंही हे एक आहेच.

शिक्षकांनाही हा घोळ सुटलेला नाही, आणि यात टोमणा नाही, प्रत्यक्ष विचारून बघितलेलं आहे. गणित शिकवण्यावर संशोधन करणाऱ्या लिपिंग मा यांनी १९९९ च्या आपल्या पुस्तकात २३ अमेरिकन आणि ७२ चिनी शिक्षकांना एक प्रसंग दिला होता. एक मुलगी खूश होऊन सांगते की मी नवीन नियम शोधला, परिमिती वाढली की क्षेत्रफळही वाढतं, आणि पुरावा म्हणून ४ बाय ४ चा चौरस अन् ४ बाय ८ चा आयत दाखवते, परिमिती १६ ची २४ झाली, क्षेत्रफळ १६ चं ३२. तुम्ही तिला काय म्हणाल? अमेरिकन शिक्षकांतले बहुतेक जण आणखी उदाहरणं बघायला पाहिजेत किंवा पुस्तकात पाहावं लागेल इथंच थांबले, स्वतः वही-पेन घेऊन तपासायला फार कोणी बसलं नाही. चिनी शिक्षकांपैकी बरेच जण तपासत बसले. तिचा नियम मोडायला खरं तर एकच आयत पुरतो, १२ बाय १. परिमिती १६ वरून २६ वर गेली आणि क्षेत्रफळ १६ वरून १२ वर आलं.

त्या ४ बाय ४ च्या चौरसाबद्दल माझं एक म्हणणं आहे, हे उदाहरण पहिल्या दिवशी फळ्यावर येऊच नये. परिमिती १६ आणि क्षेत्रफळही १६, पोरगं म्हणणार दोन्ही एकच तर आहे. बाजू पूर्ण संख्येत असतील तर असे आयत दोनच, एक हा आणि दुसरा ६ बाय ३, त्याचं दोन्ही १८. आणि हा आकडाही नुसता दिसायला सारखा आहे, कारण तोच ४ मीटरचा चौरस सेंटिमीटरमध्ये मोजा, परिमिती १६०० सेंटिमीटर आणि क्षेत्रफळ १,६०,००० चौरस सेंटिमीटर, बरोबरी गायब. एका मीटरचे १०० सेंटिमीटर म्हणून एका चौरस मीटरचेही १००च लिहिणारी पोरं याच ठिकाणी अडकतात.

वह्यांच्या बाहेर याची खरी किंमत कळते ती कुंपणाला. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाय, यांच्यापायी आता तारेशिवाय पर्याय राहिला नाही असं आमच्याकडं जवळपास प्रत्येक शेतकरी म्हणतो. एक एकर म्हणजे ४० गुंठे, गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, असे एकराचे ४३,५६० चौरस फूट झाले. हा एकर अगदी चौरस असेल तर बाजू साधारण २०९ फूट आणि चहूकडून तार लागेल ८३५ फूट. तोच एकर ६६ फूट रुंद अन् ६६० फूट लांब असेल तर १४५२ फूट. आणि वाटण्या होत होत ३३ फूट रुंदीची पट्टी राहिली असेल, जिची लांबी १३२० फूट भरते, तर २७०६ फूट! पाच पदरी तार ओढायची म्हटलं तर चौरसाला चार हजार फुटांच्या थोडी वर आणि पट्टीला साडेतेरा हजार. सातबाऱ्यावर दोघांच्या नावापुढं आकडा सारखाच, साधारण ४० आर, आणि तारेचं बिल तिपटीहून जास्त.

वाटणीत पट्टी का पडते तेही समजण्यासारखं आहे, रस्ता आणि विहीर सगळ्यांनाच पाहिजे. पण त्यात एक गणित लपलेलं आहे जे गृहपाठात पोरांना हमखास फसवतं. चौरस एकराच्या मधोमध धुरा, म्हणजे बांध, टाकून दोन भावांना दिला तर क्षेत्रफळाची बेरीज बरोबर जुळते, २० गुंठे आणि २० गुंठे, झाले ४०. परिमितीची जुळत नाही. एकेकाची ६२६ फूट, दोघांची मिळून १२५२, आणि मूळची तर ८३५ होती, कारण मधला धुरा दोघांच्याही हिशोबात आला. क्षेत्रफळं जोडता येतात, परिमिती तशी जोडता येत नाही. दोन आयत चिकटवून केलेल्या एल आकाराच्या आकृतीत पोरं दोन्ही आयतांच्या परिमित्या काढून बेरीज करून मोकळी होतात ती चूक हीच, मधली भिंत दोनदा मोजली.

आकारावरून फसण्याची ही गोष्ट फार जुनी आहे हो. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातला ग्रीक इतिहासकार पॉलिबियस तक्रार करतो की लोक शहराचा मोठेपणा नुसत्या घेरावरून ठरवतात, ग्रीसमधल्या मेगालोपोलिस शहराचा घेर ५० स्टेडिया (लांबीचं जुनं ग्रीक माप) आणि स्पार्टाचा ४८, तरी स्पार्टा दुप्पट मोठं आहे म्हटलं तर कोणाला पटतच नाही.

आता पोरं एकमेकांना शिकवतात त्याबद्दल. हल्ली निम्मी मदत मोबाईलवर चालते, "फोटो टाक ना बे" म्हटलं की दोन मिनिटांत पूर्ण सोडवलेलं पान येतं अन् वहीत उतरतं. नोरीन वेब या अमेरिकन संशोधिकेनं लहान गटात गणित करणाऱ्या मुलांचं बोलणं बरीच वर्षं तपासलं, १९९१ मध्ये त्यावरचा आढावा छापला. त्यातून निघालं ते असं की जो समजावून सांगतो त्याचं शिकणं चांगलं होतं, पण ज्यानं अडचण विचारली आणि नुसतं उत्तर मिळालं त्याला फायदा होत नाही, उलट नुकसान दिसतं. आणि समजावलेलं ऐकणाऱ्याच्याही उपयोगी पडायचं तर त्यानं ते लगेच स्वतः दुसऱ्या गणितावर वापरून बघितलं पाहिजे, नाहीतर मान डोलावली अन् विसरला.

म्हणून समजावणारा काय बोलतो याला महत्त्व आहे. "लांबी गुणिले रुंदी कर" हे समजावणं नाही, ते फोटो टाकण्यासारखंच. ज्या पोरीला खरंच कळलंय ती आधी विचारते, "तुले धुऱ्याचं इचारलं का वावराचं?" मग चौकटीच्या वहीवर आयत काढून आतले डबे मोजायला लावते, डबे मोजले ते क्षेत्रफळ, आणि कडेकडेनं पेन्सिल फिरवली ती परिमिती. इथं एक बारीक गोष्ट असते, काही पोरं परिमिती काढतानाही कडेचे डबेच मोजतात आणि ६ बाय ६ ला २४ ऐवजी २० उत्तर येतं, कारण कोपऱ्यातल्या डब्याच्या दोन बाजू कडेला आहेत पण डबा एकच. हे सूत्रातून कधीच सापडणार नाही, शेजारी बसून त्याचं बोट कुठून कुठं जातंय हे बघितलं तरच सापडतं, आणि शेजारी बसायला वर्गातल्या दोस्ताइतका वेळ कोणाकडं असतो?

वर सगळे आयत घेतले पण आपली वावरं आयत कुठं असतात. चार बाजू, चारी वेगळ्या, त्यात एक नाल्याकडून वाकडी. गावात पद्धत अशी की समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन सरासऱ्यांचा गुणाकार करायचा. ही पद्धत ब्रह्मगुप्तालाही माहीत होती, इसवी सन ६२८ च्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तात त्यानं ती दिलीय पण तिला स्थूल, म्हणजे ढोबळ, म्हटलंय, आणि सोबत एक सूक्ष्म सूत्रही दिलंय जे वर्तुळात बसणाऱ्या चौकोनालाच लागू पडतं. स्थूल पद्धतीत आकडा फुगतो, कमी कधीच येत नाही. समजा समोरासमोरच्या दोन बाजू ३००-३०० फूट आणि उरलेल्या दोन २००-२०० फूट आहेत पण वावर तिरकं आहे, दोन लांब बाजूंमधलं सरळ अंतर १८० फूटच भरतं. सरासरीवाला ६०,००० चौरस फूट सांगेल, खरं आहे ५४,०००. साडेपाच गुंठे हवेतले. कोणी मक्त्यानं वावर घेत असेल तर तेवढ्याचे पैसे जास्तीचे गेले.

भास्कराचार्यांनी तर ११५० च्या लीलावतीत याच्यावर चक्क राग काढलाय. नुसत्या चार बाजूंवरून चौकोन ठरत नाही, तो दाबला की तिरका होतो आणि क्षेत्रफळ बदलतं. म्हणून लंब किंवा कर्ण न सांगता क्षेत्रफळ विचारणारा पिशाच्च, आणि उत्तर देणारा त्याहून मोठा पिशाच्च, असं ते म्हणतात. दोस्ताला गृहपाठात मदत करताना हे लक्षात ठेवायला हरकत नाही, कधी कधी प्रश्नातच माहिती कमी असते.

उपाय सोपा आहे, चार बाजूंसोबत एक कर्ण मोजायचा. वरच्या वावरात मोठा कर्ण साधारण ४२७ फूट भरतो, त्यानं वावराचे दोन त्रिकोण होतात, ३००, २०० आणि ४२७ बाजूंचे. हेरॉनचं सूत्र वापरायचं, तिन्ही बाजूंच्या बेरजेचं अर्ध ४६३.५, त्यातून एकेक बाजू वजा केली तर १६३.५, २६३.५ आणि ३६.५, या चारही आकड्यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढलं की सुमारे २७,००० येतात, असे दोन त्रिकोण म्हणजे ५४,०००. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर मिनिटभराचं काम. आणि टेप हातात आहेच तर दुसराही कर्ण मोजून घ्या, तो २७९ फुटांच्या आसपास भरेल आणि त्यावरूनही ५४,००० च यायला पाहिजेत, नाही आले तर टेप कुठंतरी झुडपात अडकून वाकडा गेलाय.