ऑपरेशननंतरची केसगळती

मोठं ऑपरेशन झाल्यावर दोनतीन महिन्यांनी अख्ख्या डोक्यावरून केस भराभर गळायला लागतात ती ही गळती, डॉक्टरी नाव टेलोजेन एफ्लुव्हियम. वेणी बारीक होते, भांग रुंद दिसतो, पण टक्कल पडत नाही. गोल चकती पडली तर ती चाई, तो आजारच वेगळा.

हे नाव १९६१ चं, अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी दिलेलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की ताप असो, बाळंतपण असो, रक्तस्राव असो की ऑपरेशन, केसाचं मूळ एकाच पद्धतीने वागतं, वाढ मध्येच सोडून विश्रांतीला जातं. डोक्यावर साधारण १ लाख केस, त्यातले ८५ ते ९० टक्के एरवी वाढत असतात, आणि विश्रांती असते सुमारे ३ महिन्यांची, म्हणून ऑपरेशनचा हिशोब इतक्या उशिरा फणीत दिसतो. पुढे १९९३ मध्ये हेडिंग्टन ह्या दुसऱ्या डॉक्टरांनी ह्याचे पाच प्रकार पाडले. ऑपरेशननंतरची गळती पहिल्यात बसते, म्हणजे वाढ मध्येच सुटते त्यात, बाळंतपणानंतरची दुसऱ्यात, कारण गरोदरपणात केसांचा वाढीचा काळच लांबलेला असतो. विभागणी पटण्यासारखी आहे, पण ओपीडीत नुसतं डोकं बघून पाचातला कुठला ते सांगणं कठीण, तिथे क्लिगमनचं सरळ वर्णनच जास्त कामाला येतं.

आयुर्वेदवाले ह्याला सरसकट खालित्य, म्हणजे टक्कल, म्हणतात ते जरा ओढूनताणून वाटतं. सुश्रुतसंहितेत, जिचा काळ इसवी सनाच्या आधीची काही शतकं ते नंतरची काही शतकं असा मागेपुढे धरतात, इंद्रलुप्त, खालित्य आणि रुज्या ही एकाच रोगाची नावं आहेत. नंतरचा ग्रंथकार वाग्भट मात्र खलतीत (म्हणजे खालित्यातच) केस क्रमाक्रमाने जातात असं सांगून तिला इंद्रलुप्तापासून वेगळी काढतो, आणि आपली ही गळती तर एकदम येते.

१९६० मध्ये एबल आणि लुईस यांनी सांगितलेला प्रकार ह्यात मिसळू नये. लांबलेल्या ऑपरेशनमध्ये डोकं तासन्‌तास एकाच जागी दाबून राहिलं की मागच्या बाजूला ठिगळासारखी जागा मोकळी होते.

नाशिकमध्ये दोष बहुतेक भुलीच्या इंजेक्शनवर जातो, नाहीतर बोअरच्या पाण्यावर, कारण मधल्या तीन महिन्यांत ऑपरेशन विसरायला झालेलं असतं. गुंतवळ रोज वाढते, केसाच्या टोकाला खसखशीपेक्षा बारीक पांढरी गाठ दिसते आणि मूळच उपटून आलं म्हणून घरचे घाबरतात, पण मूळ कातडीतच असतं, ही गाठ विश्रांती संपलेल्या केसाची खूण. रामकुंडावर जाऊन मुंडन केलं की दाट येतील असंही कोणी सुचवतं, वस्तऱ्याने मुळाला काही फरक पडत नाही (श्रद्धेने करायचं असेल तर गोष्ट वेगळी).

उपचार फारसे लागत नाहीत. रक्तातलं लोह आणि थायरॉइड बघतात, पोटभर प्रोटीन घ्यायला सांगतात, वजन कमी करायच्या ऑपरेशननंतर हे जास्तच महत्त्वाचं. हेपारिन, वॉरफेरिन ही रक्त पातळ करायची औषधंही केस घालवू शकतात, तरी ती स्वतःच्या मनाने बंद करायची नाहीत. गळती साधारण सहा महिन्यांत थांबते. केस महिन्याला १ सेंटिमीटरच्या आसपास वाढतो, त्यामुळे वेणी पहिल्यासारखी व्हायला वर्षाच्या वर जातं आणि तोवर भांगाशी बोटभर केस उभे राहतात, तेल लावून कितीही चोपले तरी बसत नाहीत.