व्यसनी कुटुंबातील भूमिका

घरातील एकाच्या दारूच्या किंवा अन्य व्यसनाभोवती बाकीच्यांच्या अंगवळणी पडलेल्या ठरावीक वागण्याला ही संज्ञा आहे. व्हर्जिनिया सटीर या अमेरिकी कुटुंबोपचारतज्ज्ञांनी तणावाखालच्या वागण्याचे प्रकार मांडले होते. त्यांच्या आधाराने शेरॉन वेगशायडर-क्रूझ यांनी १९८१ मध्ये सहा भूमिका सांगितल्या: व्यसनी, सांभाळून घेणारी व्यक्ती, कर्ते मूल, बदनाम मूल, हरवलेले मूल आणि हसवणारे मूल.

नागपुरात हिंगण्याच्या कारखान्यात नवरा कामाला असेल, तर बायको फोन करते, ‘‘ह्यायले ताप आहे जी, आज येत नाही.’’ किराण्याची उधारी तीच फेडते, माहेरी काही कळू देत नाही. आजी पेन्शनमधून लेकाला गुपचूप पैसे देते. त्यामुळे पिण्याचे परिणाम पिणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाहीत. मात्र यात बायकोचा दोष काढणे अन्यायाचे आहे. नोकरी गेली तर मुलांची फी थांबते, हे तिला पक्के ठाऊक असते.

सर्वांत दुर्लक्षित राहते ते कर्ते मूल. बहुधा थोरली मुलगी. स्वयंपाक, धाकट्याचा अभ्यास, पगाराच्या दिवशी बापाला गेटवरून घरी आणणे हे सारे ती करते, वर चांगले गुणही मिळवते. नातेवाईक कौतुक करतात आणि म्हणूनच तिला काय होते आहे हे कुणी विचारत नाही. पुढे संसारातही तिला मदत मागता येत नाही. याउलट शाळेत मारामारी करणारा, पानठेल्यावर खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) खाताना सापडणारा भाऊ, म्हणजे बदनाम मूल, लगेच डोळ्यांत भरतो. घरचा सगळा राग त्याच्यावर निघतो आणि बापाची दारू तेवढ्यापुरती बाजूला पडते. हरवलेले मूल गप्प कोपरा धरते; हसवणारे भांडण पेटले की नकला करते.

ही मांडणी उपचारकांच्या अनुभवातून आली आहे. हे वैद्यकीय निदान नव्हे. एकच मूल दोन भूमिका निभावते, आणि हिंसा किंवा दीर्घ मानसिक आजार असलेल्या घरांतही हेच चित्र दिसते.

व्यसनाविरुद्धची परंपरा नागपूर परिसरात जुनी आहे. दीक्षाभूमीवर १९५६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. तुकडोजी महाराजांनी खंजिरी भजनांतून विदर्भभर व्यसनमुक्तीचा प्रचार केला. पण दारू सुटली म्हणून भूमिका सुटत नाहीत. शुद्धीवर आलेला बाप घराचे व्यवहार परत मागतो, मुलगी पासबुक द्यायला तयार नसते आणि नव्या भांडणांतून तो पुन्हा पिण्याकडे वळण्याचा धोका असतो. म्हणून उपचारात घरच्यांनाही बसवावे लागते. त्यांच्यासाठी १९५१ मध्ये अल-अनॉन आणि १९५७ मध्ये किशोरांसाठी अलॅटीन हे स्वमदत गट अमेरिकेत सुरू झाले. पिणाऱ्याने दारू सोडलेली नसली, तरी घरच्यांना या गटांत येता येते.