एएमटी की टॉर्क कन्व्हर्टर : चढण-उताराच्या गोव्यात कुठली ऑटोमॅटिक घ्यावी

एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) आणि टॉर्क कन्व्हर्टर हे गिअरबॉक्सचे दोन प्रकार, पण शोरूममध्ये दोन्हींना ऑटोमॅटिकच म्हणतात. दोन्हींत क्लचचे पेडल नसते आणि दोन्ही ‘डी’मध्ये (ड्राइव्ह) टाकून चालवता येतात. पणजीच्या सपाट १८ जून रस्त्यावरून एक फेरी मारली, तर नवख्याला एवढेच जाणवते की एक गाडी गिअर बदलताना जरा डुलते. तेवढ्यासाठी लाखभर रुपये जास्त कशाला, असे म्हणून एएमटी घरी येते. घर आल्तिनोवर, फर्मागुडीच्या चढणीला किंवा वास्कोच्या सड्यावर असेल, तर खरा फरक पहिल्याच आठवड्यात कळतो. तोवर पैसे भरून झालेले असतात.

गोंधळ व्हायला कारणही आहे. एकाच नावाच्या गाडीत दोन्ही प्रकार मिळतात. मारुती फ्राँक्सच्या १.२ लिटर इंजिनाला ५-स्पीड एएमटी आहे, तिला मारुती एजीएस म्हणते. त्याच गाडीच्या १.० लिटर टर्बोला मात्र ६-स्पीड टॉर्क कन्व्हर्टर आहे. महिंद्र थ्रीएक्सओमध्ये पेट्रोलला टॉर्क कन्व्हर्टर आणि डिझेलला एएमटी. निसान ईझी-शिफ्ट म्हणते, रेनो ईझी-आर. आतली वस्तू तीच, एएमटी. ओळखण्याची सर्वांत सोपी खूण गिअरच्या दांड्याशी असते. ‘आर, एन, डी’ (रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह) एवढेच असून ‘पी’ (पार्किंग) नसेल, तर ती बहुतेक एएमटी. ‘पी’ असेल, तर टॉर्क कन्व्हर्टर, किंवा सीव्हीटी आणि डबल क्लच या ऑटोमॅटिकच्या आणखी दोन प्रकारांपैकी काहीतरी. कुठले, हे विक्रेत्याला नीट विचारून घ्या आणि कोटेशनवर लिहून घ्या.

आता आतली रचना. एएमटी म्हणजे मूळचा मॅन्युअल गिअरबॉक्सच. तोच कोरडा क्लच आणि तेच गिअर. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम डाव्या पायाऐवजी आणि हाताऐवजी अॅक्च्युएटर करतो, आणि कधी करायचे ते एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. भारतात ही रचना रोजच्या गाडीत रुळली ती २०१४च्या सेलेरिओपासून. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात कोरडा क्लच नसतोच. इंजिनाकडचा पंखा तेल ढकलतो, त्या तेलाच्या जोराने गिअरबॉक्सकडचा पंखा फिरतो. मध्ये असलेला स्टेटर तेलाचा प्रवाह वळवतो, त्यामुळे गाडी जागेवरून निघताना चाकांकडे जाणारा जोर जवळजवळ दुप्पट होतो. वेग आला की आतला लॉक-अप क्लच दोन्ही बाजू जोडून टाकतो, म्हणजे तेल घुसळण्यात इंधन वाया जात नाही.

मायलेजचा फरक इथूनच येतो. फ्राँक्सचे कंपनीने दिलेले आकडे पाहा : १.२ मॅन्युअल २१.७९ आणि एएमटी २२.८९ किलोमीटर प्रतिलिटर, १.० टर्बो मॅन्युअल २१.५० आणि टॉर्क कन्व्हर्टर २०.०१. इंजिने वेगळी आहेत, म्हणून तुलना आपापल्या मॅन्युअलशीच करायची. एएमटी मॅन्युअलइतकी किंवा थोडी जास्त देते, टॉर्क कन्व्हर्टर थोडी कमी. किमतीतही तसेच. एएमटीला मॅन्युअलपेक्षा साधारण अर्धा लाख जास्त, टॉर्क कन्व्हर्टरला सव्वा-दीड लाख.

हे जास्तीचे पैसे चढणीवर वसूल होतात. चढणीत रहदारी तुंबली आहे, पुढची गाडी दोन हात सरकते, थांबते, पुन्हा सरकते. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये ब्रेकवरचा पाय सैल केला की गाडी तेलाच्या जोरावर उभी राहते किंवा हळू पुढे सरकते. उष्णता निर्माण होते ती तेलात, आणि तेल कूलरमधून थंड होते. एएमटीमध्ये तेच काम कोरडी क्लचप्लेट अर्धवट घासत करते. हिल-होल्ड असेल तर ब्रेक सोडल्यावर गाडी साधारण दोन सेकंद धरून ठेवली जाते. जुन्या एएमटींत ही सोय नसते. दोन सेकंद संपले आणि अॅक्सिलरेटर हलकाच दाबलेला असला की क्लच घसरत राहतो, तापतो, जळका वास येतो, आणि काही गाड्यांत इशारा वाजू लागतो. एएमटी अॅक्सिलरेटरवर तोलून चढणीत उभी करणे ही तिचे आयुष्य सर्वांत वेगाने कमी करणारी सवय आहे, आणि मॅन्युअल चालवून आलेल्या जवळपास सगळ्यांना ती असते. एएमटीत पुढच्या गाडीपासून पूर्ण एका गाडीचे अंतर पडू द्या, मग एका दमात जा, थांबा, ब्रेक दाबा. थांबा लांबला तर ‘एन’ आणि हँडब्रेक. मागचा हॉर्न मारत असेल तर मारू दे.

फेरीबोटीवर तर ही परीक्षा रोजची. रायबंदर–चोडण असो की कुठ्ठाळी–मडकई, ओहोटीला धक्क्याची उतरण जास्त उघडी पडते, वर शेवाळ असते, आणि बोटीवरून उतरताना गाडीचे नाक वर असते. एएमटी असेल तर पुढच्या दुचाकी आणि गाडी रॅम्पवरून पूर्ण निघून जाईपर्यंत बोटीवरच थांबा. गाडी ‘एम’मध्ये (मॅन्युअल मोड) घालून पहिल्या गिअरवर ठेवा, म्हणजे मध्येच दुसरा पडणार नाही. हँडब्रेक ओढलेला असू द्या, अॅक्सिलरेटर द्या, गाडी पुढे ओढू लागल्याचे जाणवले की हँडब्रेक सोडा आणि न थांबता वर या. शेवाळावर पुढची चाके गरगर फिरली तर जोर वाढवू नका, कमी करा. हा शेवटचा नियम टॉर्क कन्व्हर्टरलाही लागू आहे. बाकी तिथे पाय हलका ठेवला की पुरते.

चोर्ला आणि अनमोडच्या घाटात प्रश्न वेगळा असतो. एएमटीला गिअर बदलताना क्लच सोडावाच लागतो, आणि तेवढा क्षण चाकांना जोर मिळत नाही. ट्रकला ओलांडायला बाहेर निघालात आणि त्याच क्षणी गाडीने गिअर खाली घेतला, तर सेकंदभर गाडी नुसती तरंगते. म्हणून बाहेर निघण्याआधीच ‘एम’मध्ये गिअर खाली घ्या, इंजिन ओढू लागले की मग निघा. टॉर्क कन्व्हर्टर गिअर बदलतानाही जोर तुटू देत नाही, त्यामुळे अर्ध्या वळणातही गाडी स्थिर राहते. उतारावर दोन्हींना एकच सांगणे : ‘डी’वर सोडून ब्रेक दाबत उतरू नका. मॅन्युअल मोडमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर इंजिनाला गाडी अडवू द्या.

उभी करताना फरक पुन्हा येतो. टॉर्क कन्व्हर्टरच्या ‘पी’मध्ये एक छोटी खिट्टी गिअरबॉक्सच्या दात्यात अडकते. चढणीवर थेट ‘पी’ टाकून ब्रेक सोडला, तर गाडीचे सगळे वजन त्या खिट्टीवर येते आणि सकाळी दांडा काढताना ‘खट्ट’ असा आवाज होतो. योग्य क्रम : ब्रेक, ‘एन’, हँडब्रेक, ब्रेक सोडून गाडी स्थिरावू द्या, मग ‘पी’. एएमटीला खिट्टी नसते. हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवूनच इंजिन बंद करायचे आणि ‘डी’ किंवा ‘आर’ पडला आहे याची खात्री करायची. ‘एन’वर बंद करून नुसत्या हँडब्रेकवर सोडलेली एएमटी उतारावर घसरू शकते.

जहाजावर नोकरी करणाऱ्या तारवटी लोकांच्या गाड्यांबद्दल वेगळे सांगायला हवे. सहा-सहा महिने, त्यातही पूर्ण पावसाळा गाडी उभी राहिली, तर समुद्रकाठच्या दमट हवेत एएमटीची कोरडी क्लचप्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटू शकते. मग गिअर पडत नाही किंवा पडताना कर्कश आवाज येतो. पंधरा दिवसांतून एकदा घरच्या कुणीतरी गाडी वीस मिनिटे खरोखर चालवायला हवी. नुसते इंजिन सुरू करून ठेवल्याने क्लच हलत नाही. बॅटरी पूर्ण उतरली की एएमटीचा अॅक्च्युएटर काम करत नाही आणि गिअरमध्ये उभी असलेली गाडी ढकलताही येत नाही. टॉर्क कन्व्हर्टरही ढकलून सुरू होत नाही. टो करायची वेळ आली, तर तिची इंजिनाचा जोर मिळणारी चाके (लहान गाड्यांत बहुतेक पुढची) उचलूनच न्यावीत. इंजिन बंद असताना तेलाचा पंप फिरत नाही आणि चाके फिरली तर गिअरबॉक्स कोरडा घासतो.

दुरुस्तीचा हिशोब असा. एएमटीत क्लच झिजणारच, पण तो बदलणे काही हजारांचे काम आहे. मात्र बदलल्यावर स्कॅनर लावून गाडीला नव्या क्लचची जागा शिकवावी लागते. हे न करता गाडी परत दिली तर ती झटके देते, आणि मालक समजतो की क्लचच खराब बसवला. अॅक्च्युएटरचा पंप किंवा त्याची गळती हे जास्त खर्चिक दुखणे. टॉर्क कन्व्हर्टर चांगल्या तेलावर फार वर्षे निमूट चालतो, पण उघडावाच लागला तर बिल लाखाच्या घरात जाऊ शकते. ‘तेल आयुष्यभरासाठी आहे’ असे सर्व्हिसवाल्याने सांगितले, तरी इथल्या उन्हाळ्यात आणि घाटात चालणाऱ्या गाडीचे तेल ६० ते ८० हजार किलोमीटरदरम्यान बदलावे, असे माझे ठाम मत आहे. खालचा बोल्ट काढून साधारण निम्मे किंवा त्याहून कमीच तेल निघते, बाकीचे कन्व्हर्टरमध्ये राहते. म्हणून थोड्या अंतराने दोनदा बदललेले बरे.

मडगाव–कोलवा, म्हापसा–कळंगुट असा सपाटीचा रोजचा प्रवास, गाडी लहान आणि बजेट आठ-नऊ लाखांच्या आत असेल, तर एएमटी चांगली आणि किफायतशीर खरेदी आहे. तिला कमी लेखायचे काहीच कारण नाही. दारातच तीव्र चढण, रोजची फेरीबोट किंवा घरात गाडी चालवणारी चार वेगवेगळ्या सवयींची माणसे असतील, तर खालची व्हेरिएंट चालेल, सनरूफ सोडा, पण टॉर्क कन्व्हर्टर घ्या. टेस्ट ड्राइव्ह आपल्या घरच्या चढणीवरच मागा.

जुनी घेत असाल तर आधी आरसी पाहा. गोव्यात काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांच्या भाड्याच्या गाड्या पुढे खासगी होऊन विकल्या जातात, आणि त्यांत एएमटी पुष्कळ. पर्यटकांनी चढणीवर अॅक्सिलरेटरवर तोलून ठेवलेला क्लच मीटरवरच्या किलोमीटरपेक्षा कितीतरी जास्त झिजलेला असतो. अशी गाडी चढणीवर रिव्हर्समध्ये हळू वर न्या. थरथरली किंवा वास आला, तर क्लचचे पैसे किमतीतून कापा. मग सपाट रस्त्यावर ‘एम’मध्ये चौथ्या गिअरवर ताशी ४० किलोमीटरला अॅक्सिलरेटर अर्धा दाबा. गिअर तोच असताना आरपीएम चढला आणि वेग मागे राहिला, तर प्लेट संपली. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये थंड इंजिनावर ‘डी’तून ‘आर’मध्ये टाकून पाहा. गिअर पडायला वेळ लागला किंवा जोराचा धक्का बसला, तर सावध. नंतर ताशी ५० ते ७०च्या दरम्यान हलक्या पायाने चालवा. रस्ता गुळगुळीत असूनही चाके रंबलरवरून जात असल्यासारखी थरथर जाणवली, तर लॉक-अप क्लच आणि तेल दोन्ही संशयास्पद. विकणारा आधी तेल बदलून द्यायला तयार असेल तर बदलून घ्या, दोन-तीनशे किलोमीटर चालवून पाहा, आणि थरथर गेली नाही तर ती गाडी सोडून द्या.